चेनला बोटभर ढील

आमच्या घरातला एकही नळ पाहुण्यांना उघडत नाही. रात्री झोपण्याआधी माझे वडील, अण्णा, घरभर फिरून सगळे नळ आवळून ठेवतात, आणि सकाळी तोंडात पेस्ट घेतलेला पाहुणा मोरीपाशी उभा राहून हाका मारतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, पाण्याच्या टाकीचा वॉल, सगळ्यांची तीच गत. अण्णांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. तिथे गळती म्हणजे गुन्हा. ती सवय माझ्याही मनगटात उतरली असणार, कारण आठ वर्षांपूर्वी एका रविवारी घरच्या २००३ सालच्या स्प्लेंडरचं ऑइल मी पहिल्यांदा स्वतः बदललं, आणि इंजिनाच्या खालचा सतरा नंबरचा बोल्ट बसवताना लांब दांड्याचा रिंग पाना घेऊन बसलो.

बोल्ट बसला होता. तरी मनात आलं, अजून एक पाव फेरा. तो झाला. मग आणखी एक. आणि अचानक पाना हलका झाला. लोण्यात चमचा फिरावा तसा बोल्ट नुसता फिरायला लागला. काढून पाहिलं तर त्याच्या आट्यांत चंदेरी तारेचं एक वेटोळं अडकलं होतं. बोल्ट पोलादाचा, इंजिनाचं खोकं अ‍ॅल्युमिनियमचं. दोघांची कुस्ती लागली की कोण पडणार, हे कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला तरी आधी सुचायला हवं होतं.

गाडी ढकलत उद्यमनगरात नेली. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापुरातला तो भाग, जिथे फाउंड्रीच्या भट्ट्या, लेथ आणि बोअर मारायची मशिनं एकमेकांच्या भिंतीला पाठ लावून बसली आहेत. तिथल्या एका दुकानातल्या मिस्त्रींनी खाली वाकून भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "लई आवळलासा की सर. आटं गेलं ह्याचं." मग त्यांनी भोक थोडं मोठं केलं, नवे आटे मारले, त्यात पोलादी तारेची कॉइल बसवली आणि बोल्ट आधी बोटांनी पुरता फिरवला. शेवटी एका आखूड पान्याने, मनगट फारसं न हलवता, एकदा दाबला.

"एवढंच?" मी विचारलं.

"वायसर दाबला की गळायचं थांबतंय. तुमच्या ताकदीनं न्हवं."

तो तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचा पातळ वायसर मी जुनाच वापरला होता. एकदा चेपलेला वायसर दुसऱ्यांदा नीट चेपत नाही. म्हणून थेंब गळत राहतो, आणि थेंब दिसला की माझ्यासारखा माणूस पाना हातात घेतो. त्यानंतर कितीतरी रविवार मी त्या दुकानाच्या लोखंडी बाकावर काढले. घरी काम करायचं, अडलं की तिथे जायचं. हळूहळू लक्षात आलं की मोटारसायकलच्या देखभालीचं पुस्तक उघडलं तर त्यातली निम्मी मापं कशी आवळायची याची नाहीतच. ती किती सैल ठेवायचं याची आहेत. चेनला ढील किती, टॅपेटला गॅप किती, क्लचच्या दांडीला प्ले किती, ब्रेकच्या पायडलला किती, प्लगच्या टोकांत अंतर किती, सिलिंडरमध्ये पिस्टनला जागा किती. घरच्या घरी गाडी दुरुस्त करणारे आपण लोक तिचं जे नुकसान करतो, ते बहुतेक वेळा ही जागा बुजवून करतो.

स्प्लेंडर आली १९९४ साली, पण तिचं इंजिन जुन्या घराण्यातलं. १९८५ साली आलेल्या सीडी १०० मध्ये तेच होतं, आणि त्याची आडव्या सिलिंडरची ठेवण होंडाच्या १९५८ सालच्या सुपर कबपर्यंत मागे जाते. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर, तो वरखाली जातो ४९.५ मिलिमीटर. दहावीच्या वर्गात वृत्तचितीचं घनफळ शिकवताना मी हीच दोन मापं फळ्यावर लिहितो. उत्तर ९७.२ घन सेंटिमीटर आलं की मागच्या बाकावरचा कुणीतरी ओरडतो, "सर, स्प्लेंडर!" बाकी गणितात तो पोरगा कच्चा असतो. त्या काळात कंपनीची जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की पेट्रोलबरोबर ऑइलही विसरले. गाडी तरीही चालत राहिली, आणि माझ्या मते तिच्या देखभालीचं सगळ्यात मोठं नुकसान तिच्या या सहनशीलतेनंच केलं. आमच्याकडे आधी राजदूत होती. ती रुसली की जागेवर थांबायची, त्यामुळे अण्णांना प्लग काढून घासता यायचा. स्प्लेंडरने वीस वर्षं कुणालाच काही शिकवलं नाही.

चेनपासून सांगतो, कारण तिथे हात सगळ्यांत आधी जातो. स्प्लेंडरची चेन पत्र्याच्या बंद कव्हरमध्ये असते. पाऊस, चिखल, साडीचा पदर सगळ्यांपासून ती वाचते आणि मालकाच्या नजरेपासूनही. कव्हरला रबराचं एक बूच असतं. ते काढून बोटाने चेन मधोमध वरखाली केली तर वीस-पंचवीस मिलिमीटर हलली पाहिजे. म्हणजे ढोबळ मानाने बोटाचं एक पेर. चेन कव्हरवर खडखड वाजायला लागली की आपण मागचा अ‍ॅडजस्टर फिरवून ती ताणतो आणि आवाज गेला म्हणून खूश होतो.

ती ढील कशासाठी, हे मला बाकावर बसून कळलं नाही. घरी वहीत आकृती काढली तेव्हा कळलं. मागचं चाक ज्या दांड्यावर वरखाली होतं त्याची खीळ एका जागी, आणि इंजिनातून बाहेर आलेलं पुढचं स्प्रॉकेट दुसऱ्या जागी, थोडं पुढे. चाक वर जायला लागलं की स्प्रॉकेट, खीळ आणि चाकाचा आस ही तीन केंद्रं एका रेषेत येतात. त्या क्षणी पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एकमेकांपासून सगळ्यात लांब असतात आणि चेन सगळ्यात ताठ होते. डबल स्टँडवर चाक लोंबत असतं, त्यामुळे तिथे चेन असते त्याहून सैल दिसते. म्हणून स्टँडवर मास्तरांना जी 'नीट' वाटते ती चेन, मागे बायको आणि पुढे तांदळाचं पोतं घेऊन खड्ड्यातून गेलं की तारेसारखी ताणली जाते. तो ताण कुठेतरी बसणारच. तो बसतो इंजिनातून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर. पुढे तिथलं सील गळायला लागतं, लोक सील बदलतात, ते पुन्हा गळतं, आणि सीलला शिव्या बसतात.

आणखी एक गोष्ट पुस्तकात असते, पण करत कुणी नाही. वापरलेली चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. चाक हाताने हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी ढील पाहायची आणि जिथे ती सगळ्यात कमी असेल तिथलं माप धरायचं. सगळ्यात सैल जागा पाहून ताणली तर दुसऱ्या जागी ती दोरीसारखी होते. सैल आणि ताठ जागांतला फरक फार असेल तर चेन संपली. मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकदमच बदलायची. नुसती नवी चेन जुन्या दातांवर चढवली तर तेच दात तिला खातात.

टॅपेटचं प्रकरण याहून नाजूक. त्यातली ढील मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. हेडवर वर आणि खाली अशी दोन झाकणं. ती काढली की रॉकरचा स्क्रू दिसतो, आणि स्क्रूचं टोक व व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात फिलर गेजची पातळ पट्टी घालायची. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून हे काम सकाळी गाडी काढण्याआधी. डाव्या कव्हरची बुचं काढून मॅग्नेट फिरवायचा, 'टी' खूण खाचेसमोर आणायची आणि मग दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात का ते पाहायचं. हलत नसतील तर पिस्टन वर आहे, पण चुकीच्या फेरीत. अजून एक पूर्ण फेरा द्यायचा. मी पहिल्या खेपेला हे पाहिलंच नाही. 'टी' दिसली की लागलो कामाला. व्हॉल्व्ह अर्धवट उघडे असतानाच गॅप ठेवल्यामुळे खरी गॅप भलतीच मोठी झाली आणि गाडी सुरू केल्यावर माडीवर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत असल्यासारखा आवाज आला. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, घराचं काम काढलंय का?

पण ती चूक निदान ऐकू येणारी होती. मिस्त्रींना भीती वाटते ती गप्प टॅपेटची. गाडी घेऊन येणाऱ्याला इंजिन आवाज न करणारं हवं असतं, आणि नवशिका पोरगा त्याला खूश करायला गॅप मिटवून टाकतो. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा विचार करा. जळालेला वायू त्याच्या अंगावरून जातो. ती उष्णता तो सोडतो कधी? मुख्यतः बंद होऊन आपल्या सीटवर टेकलेला असतो तेव्हा, त्या टेकलेल्या काठातूनच. तापला की त्याचा दांडा लांबतो. गॅप नसेल तर लांबलेला दांडा रॉकरला अडतो, व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, फटीतून ज्वाळा निसटते आणि काठ जळत जातो. बाहेर तक्रार काय? "गाडी सकाळी बरी चालते, तापली की ओढत नाही." मग कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलतो, पेट्रोलवर संशय जातो. टकटक मात्र नसते, म्हणून टॅपेटकडे कुणी बघत नाही.

ऑइलबद्दल थोडं. लिटरची बाटली घेतली तर गाडीला त्याहून जरा कमी लागतं. वर उरलेलं 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ओतू नये. मोटारीतलं स्वस्त ऑइल घालायचा मोहही टाळावा. मोटारीचा क्लच कोरडा, आपला ऑइलमध्ये बुडालेला. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आणि क्लचच्या प्लेटा तर घर्षणावरच जगतात. बाटलीवर 'जासो एमए' ही अक्षरं बघायची, बाकीचं सोनेरी लिखाण सोडून द्यायचं. या इंजिनाला मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो, हे अनेक वर्षं गाडी वापरणाऱ्यांनाही माहीत नसतं. उजव्या कव्हरच्या आत क्लचपाशी एक गोल वाटी गरगर फिरते आणि ऑइलमधली घाण तिच्या कडेला फेकली जाऊन चिकटते. ताक घुसळताना लोणी कडेला यावं तसं, फक्त हे लोणी काळं असतं. आमच्या गाडीची वाटी पहिल्यांदा उघडली तेव्हा आत जवळजवळ अर्ध्या बोटाचा थर होता, खरवस कापावा तसा तो कापून काढावा लागला. तोवर आम्ही दर वेळी नवं, महागडं ऑइल त्या गाळातून फिरवत होतो.

मागच्या ब्रेकच्या दांड्यावर एक बाण असतो. ब्रेक दाबून धरल्यावर तो बाण पत्र्यावरच्या खुणेला टेकला की लायनर संपले, मग नट कितीही आवळा. आतली भुकटी तोंडाने फुंकू नये. याबद्दल एवढंच.

कोल्हापुरात राहून जुन्या गाडीबद्दल लिहायचं तर पुराचं लिहावंच लागेल. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. माणसं वरच्या मजल्यावर गेली, जनावरं हलवली, गाड्या जिथे होत्या तिथेच बुडाल्या. पाणी उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत ज्यांनी किक मारली त्यांची इंजिनं गेली, आणि ज्यांनी आठ दिवस हात लावला नाही त्यांचीही गेली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. किकचा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. आणि पाणी आत ठेवून गाडी तशीच सोडली तर रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात.

आमची गाडी २०१९ मध्ये सीटपर्यंत बुडाली होती. मिस्त्रींनी फोनवर सांगितलं तसं केलं. आधी प्लग काढला आणि मग हातानेच, सावकाश किक खाली नेली. प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी भिंतीवर उडाली, तो डाग अजून आहे. सायलेन्सर काढून उलटा केला. खालचा बोल्ट, तोच तो कॉइलवाला, काढला तर आधी स्वच्छ पाणी आलं आणि मागून दुधाच्या चहासारखं ऑइल. साधं स्वस्त ऑइल भरून दहा मिनिटं इंजिन चालवायचं, ओतून द्यायचं. असं तीनदा केलं तेव्हा रंग बदलला. टाकी आणि कार्बोरेटर त्याआधीच रिकामे केले होते. एवढं करून गाडी पुन्हा रस्त्यावर आली तेव्हा आळीत पेढे वाटायचे बाकी होते. फसलो ते पुढे, दिवाळीनंतर. चाकांची बेअरिंगं आणि हँडलखालचा बॉलरेसर आतून गंजले होते, कारण तिथलं ग्रीस पुराने नेलं होतं आणि इंजिनाच्या नादात तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. पुरानंतरची खरी दुरुस्ती म्हणजे जे फिरतं ते सगळं उघडून पाहणं.

अलीकडे बाकावर चर्चा असते पेट्रोलची. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे हिशेबाने लिटरला सहा-सात टक्के फटका. नव्या इंजेक्शनच्या गाड्या तो थोडाफार सावरून घेतात. जुन्या कार्बोरेटरमधलं जेटचं भोक मात्र जेवढं आहे तेवढंच, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीला ते सोसत नाही. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधल्या रबरी रिंगा फुगतात किंवा तडकतात. मी एवढंच करतो की गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवतो, आणि पाइप दर दोन वर्षांनी बदलतो. बाकी ओरडायचं कुणाच्या नावानं? हे इथेनॉल उसाचंही आहे. उसाला दर मागणारेही आम्हीच, आणि अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून कुरकुरणारेही.

गेल्या वर्षी गाडी धूर मारायला लागली. धुराचंही एक वेळापत्रक असतं. सकाळी सुरू केल्यावर निळा भपका येऊन थांबला तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेलं. रेस केली की सतत येत राहिला तर रिंगा आणि सिलिंडर. आमचं दुसरं होतं. म्हणजे हाफ इंजिन, बोअर मारून नवा पिस्टन घालायचं काम. हे काम घरचं नव्हे, आणि घरी गाडी सुधारणाऱ्याने आपली वेस कुठे आहे हे जाणून घ्यावं. मी ब्लॉक उतरवून दिला तेवढाच माझा वाटा.

बोअर मारणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने ब्लॉक उचलला, आत नखाने वरच्या कडेला चाचपलं आणि विचारलं, "पिस्टन कुठाय?"

म्हटलं, माप सांगा, आणतो.

"आधी पिस्टन आणा. पिस्टनाच्या मापानं भोक असतंय. भोकाच्या मापानं पिस्टन नसतोय."

पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे होत जातात. मी पहिल्या टप्प्याचा आणला. त्यांनी तो मायक्रोमीटरने तीनदा मोजला. सिलिंडरच्या भिंतीत आणि पिस्टनमध्ये सोडायची जागा मिलिमीटरच्या शंभर भागांतले दोन-तीन भाग. तेवढ्यात ऑइलचा थर बसतो. जास्त सोडली तर पिस्टन बडवतो. कमी सोडली तर तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन भोवतालच्या लोखंडापेक्षा जास्त फुगतो, तो थर पुसला जातो आणि इंजिन भर रस्त्यात जाम होतं. कटर फिरत होता, कारागीर अधूनमधून मशीन थांबवून बोअर गेज आत घालत होते, काटा किंचित थरथरत होता. आपली आयुष्यभराची मापं फूटपट्टीवरची. त्या काट्यासमोर मी वर्गातल्या मागच्या बाकावरचा पोरगा होतो.

आता एक कबुली. सगळंच सैल ठेवायचं नसतं. मागच्या चाकाच्या आसाचा नट, ब्रेकच्या आधारपट्टीचा बोल्ट, हँडलचे बोल्ट हे पुरते, ताकदीनं आवळायचे असतात, आणि जिथे पिन दिलेली आहे तिथे ती घालून वाकवायचीच. घरात या कामाला माणूस आहे.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी गाडी धुतली. आईने विळी, कोयता, अण्णांचा जुना पाना आणि माझी फिलर गेज एका पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. पूजेआधी म्हटलं चेन बघून घ्यावी. डबल स्टँडवर लावली, चाक फिरवत ताठ जागा शोधली, दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या ठेवून अ‍ॅडजस्टर फिरवले, बोटाने पाहिलं. एक पेर, बरोबर. मग अण्णांना हाक मारली. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. खुर्ची ओढून चाकापाशी बसले, आसाच्या नटावर पाना चढवला आणि दात ओठ खाऊन तो असा ओढला की स्टँडवरची गाडी डुलली.

"आता निघतोय का बघ कुणाला," म्हणाले.

मी बूच पुन्हा काढलं आणि बोट घातलं. नट आवळताना आस पुढेमागे सरकतो. अर्धं पेर गेलं होतं.

"अण्णा, परत सोडावा लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पान्याकडे. आतून आई विचारत होती, झेंडूची माळ आत्ता घालू की थांबू?